चढता येतं रे, उतरून दाखव

भाऊबीजेला सगळे दादाकडे जमलो होतो, जेवणं होऊन सुपारी कातरत बसलेलो, आणि भाच्याने हळूच विषय काढला, की जानेवारीत मी आणि दोन मित्र नळीची वाट करतोय. रोप? नाही गं मावशी, लागतच नाही, यूट्यूबवर बघितलंय ना, लोक नुसते हात लावून चढतात. ताईने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि त्या बघण्यात सगळं आलं, म्हणजे आठ वर्षांचा असताना याला राजमाचीला कोण घेऊन गेलं होतं, तूच ना, मग आता निस्तर. वर म्हणाली, "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. तू हो म्हणालीस तर जाईल, नाही म्हणालीस तर नाही जाणार. तू सांगशील ते फायनल." झालं. बावीस वर्षांच्या घोड्याची परीक्षा माझ्या गळ्यात.

ज्यांना नळीची वाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हरिश्चंद्रगडावर जायला सोप्या वाटा आहेत, पाचनईची तर आज्जी-आजोबा नातवंडांना घेऊन जातात इतकी सोपी, खिरेश्वरहून टोलारखिंडीची जरा लांबलचक आणि वर रेलिंग लावलेली. नळीची वाट या जातीची नाही. ती खालून कोकणातून येते, माळशेजच्या पायथ्याकडे बेलपाडा म्हणून गाव आहे तिथून, आणि कोकणकड्याला खेटून एका अरुंद घळीने सरळ वर निघते. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळतं, इतर वेळी आपण. गडाची उंची १४२२ मीटर आणि बेलपाडा पार खाली कोकणात, म्हणजे एका दिवसात हजार मीटरच्या वर चढ, त्यात आधी घराएवढाले दगड, मग घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती-खडी, मग मध्येमध्ये कातळटप्पे, आणि पाणी जे काय पाठीवर नेलं असेल तेवढंच. बरेच ग्रुप टप्प्यांवर रोप लावतात. सवयीचे लोक नाही लावत. प्रश्न असा की आमचा हिरो कुठल्या गटात बसतो.

पहिल्यांदा मी त्याला विचारलं आजवर काय काय केलंयस. यादी झकास होती, कळसूबाई, रतनगड, कलावंतीण, हरिहर दोनदा, शिवाय आठवड्यातून तीन दिवस क्लायंबिंग वॉल, आणि एका दमात पंधरा पुलअप्स. (माझ्या शून्य. आयुष्यात एक जमलेली नाही.) आणि मग तो प्रश्न जो मला ऑफिसातली पोरंसुद्धा दर हिवाळ्यात विचारतात, "हरिहर केलंय म्हणजे नळी जमेलच ना?"

तर नाही, तसं नसतं. हरिहरच्या पायऱ्या ऐंशी अंशात आहेत म्हणतात, फोटो बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण नीट आठवून बघा, पाऊल मावेल अशी पायरी कोरलेली आहे आणि तिच्या बाजूला बोटं अडकवायला खोबणी कोरलेली आहे. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन ठरवून ठेवलंय की तुझा हात इथे आणि पाय तिथे. आपण फक्त न घाबरता शिडी चढल्यासारखं चढायचं. नळीत कुणी काही ठरवून ठेवलेलं नाही. हात कुठे घालायचा, दगड धरण्याजोगा आहे का, पाय आधी डावा की उजवा, आणि चुकलं तर परत कुठे यायचं, सगळं तिथल्या तिथे स्वतःच्या डोक्याने. ट्रेकच्या मेसेजमध्ये 'मध्यम ते अवघड' एवढंच लिहिलेलं असतं, त्यातून दम किती लागणार ते कळतं, पण टप्प्यावर हे सगळं जमेल का याचा काही पत्ता लागत नाही. दम आहे म्हणून माणूस टप्प्यावर उभा राहू शकतो असं अजिबात नाही, मी मॅरेथॉन पळणारे लोक दहा फुटांच्या पॅचवर रडताना बघितलेत, आणि जिने चढताना धापा टाकणारी आमची एक मैत्रीण कड्याच्या टोकाला निवांत चकली खात बसते.

याचं कारण मला एका डॉक्टर ट्रेकरने समजावलं होतं आणि ते मला फार पटलं. आपण उभं राहतो तेव्हा तोल सांभाळायला नुसते कान आणि पाय नाही, डोळेही लागतात, आजूबाजूच्या जवळच्या वस्तू जागेवर आहेत का हे डोळे सतत तपासत असतात. कड्याच्या टोकावर समोर जवळचं काही नसतंच, असतं ते पार हजार फूट खाली, मग डोळ्यांना आधार मिळत नाही आणि शरीर थोडं थोडं डुलायला लागतं, आणि ते डुलणं जाणवलं की भीती, आणि भीतीने अजून डुलणं. दृष्टिभय म्हणतो ते यातूनच येतं बरंचसं. म्हणून नजर हाताजवळच्या कातळावर ठेव म्हणतात ते उगाच नाही. आणि हे भित्रेपणाचं लक्षणही नाही, कुणाला कमी असतं कुणाला जास्त, सवयीने कमी होतं, पण सवय मोडली की परत येतं. हे शेवटचं मला नंतर महागात पडलं, सांगते पुढे.

माझी स्वतःची फजिती आधी सांगायला हवी, कारण मी त्याची परीक्षा जी घेतली ती तिथूनच आलेली आहे. २००६ चा डिसेंबर, मी सव्वीस वर्षांची, स्वतःला फार मोठी ट्रेकर समजत होते. नाणेघाटातून जीवधनला चढलो, कल्याण दरवाज्याच्या बाजूने. १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या बऱ्याच गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, जीवधनच्या या बाजूच्या त्यातल्याच, त्यामुळे दरवाज्याखाली आता मोडक्या पायऱ्या आणि एक कातळटप्पा आहे. चढताना मी तो पुढच्याच्या पायाकडे बघत बघत कधी चढले कळलंसुद्धा नाही, वर जाऊन म्हणालेही की हेच का ते, उगाच हवा. धान्यकोठी बघितली, वानरलिंगी सुळक्यासमोर फोटो काढले, डबे खाल्ले. खरं तर पलीकडे घाटघरला उतरायचं ठरलेलं, पण गाडी नाणेघाटात म्हणून कुणीतरी म्हणालं आल्या वाटेने जाऊ, आणि आम्ही सगळे हो म्हणालो.

त्या टप्प्यावर आले तेव्हा ऊन कललेलं आणि खाली सगळं निळं दिसत होतं. सकाळी ज्या खाचांवर पाय ठेवला होता त्या वरून दिसतच नव्हत्या. मी कड्याला पाठ लावून, बुड टेकत, समोर दरी बघत उतरायला गेले, जे कधी करू नये, आणि दोन फुटांवर अडकले. खालीही नाही आणि वरही नाही. उजवी पोटरी अशी थाडथाड उडायला लागली (ट्रेकर याला 'मशीन चालू झालं' म्हणतात) की बुटाचा आवाज ऐकू येत होता. ग्रुपमधले लोक खालून एकदम पाच जण पाच सूचना देत होते, कुणी म्हणे उडी मार, धरतो. मी जवळजवळ पाऊण तास तिथे होते. शेवटी घाटघरकडचा एक माणूस वरून आला, पायात साध्या चपला त्याही काढून हातात घेतलेल्या, तो माझ्या बाजूने अलगद खाली गेला आणि म्हणाला, "ताई, तोंड कातळाकडं कर. आता पाय सोड. मी धरलाय पाय, ठिवतोय खाचंत." एकेक पाय त्याने स्वतःच्या हाताने ठेवला. सहा पायांत मी खाली. त्याला पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत, माझ्याकडची अर्धी चिक्की घेतली.

त्यानंतर दोन वर्षं मी कुठलाही टप्पा चढायच्या आधी चार फूट चढून चार फूट उतरून बघायचे आणि मगच वर. लोक हसायचे. हसू देत.

म्हणून भाच्याला म्हटलं, नळीचं नंतर बघू, आधी माझ्याबरोबर गोरखगडाला चल. तो जरा खट्टू झाला, कारण गोरखगड म्हणजे ६५१ मीटरचा छोटासा सुळका, त्याच्या मते फॅमिली ट्रेक. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे कल्याणहून मुरबाड, तिथून म्हसामार्गे देहरी. (म्हसा म्हणजे तेच, पौष पौर्णिमेच्या जत्रेचं, गुराढोरांच्या बाजाराचं.) देहरीतून निघालं की सुळके दोन दिसतात, मोठा गोरखगड आणि शेजारचा मच्छिंद्रगड, पैकी दुसऱ्यावर चढाईचं सामान असल्याशिवाय जायचं नाही. आपण गोरखवर. जंगलातून चढ, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या, मग दरवाजा, आणि मग ती मोठी खांबांची गुहा, समोर चाफ्याची झाडं आणि चाफ्यांच्या पुढे एकदम काही नाही. तिथे बसून चहा पिण्यासारखं सुख नाही, ते एक असो.

खरी परीक्षा गुहेच्या पुढे आहे. कड्याला वळसा घालून गेलं की माथ्यावर जायला पन्नासेक पायऱ्या, जवळजवळ उभ्या, काही झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि पाठीमागे सरळ दरी. हरिहरच्या मानाने लहान, पण खाली अडवायला काही नाही. मी कुठल्याही टप्प्याखाली उभी राहिले की आधी हेच बघते, की हात सुटला तर माणूस जातो कुठे. खाली रुंद पदर, म्हणजे डोंगराची सपाट पट्टी, असेल आणि टप्पा आठ फुटांचा असेल तर पाय मोडेल. तोच आठ फुटांचा टप्पा दरीच्या तोंडावर असेल तर चढायला तेवढाच सोपा, पण तो टप्पा वेगळा.

तर मी त्याला पुढे सोडला आणि खाली उभी राहून बघत बसले. चढण्यात त्याला काहीच अडचण नव्हती, माकडासारखा गेला, आणि तिथेच माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली. वॉलवर शिकलेली पोरं होल्ड दिसला की सरळ धरून खेचतात, कारण तिथे तो बोल्टने आवळलेला असतो. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एक टणक तर खालचा भुसभुशीत, टणकाचे कडे होतात आणि भुसभुशीत झिजून पदर होतात, आणि टणक थरातसुद्धा उभ्या भेगा, भेगांत पाणी, माती, गवताची मुळं. म्हणजे भिंतीतून छान बाहेर आलेला दगड हा बऱ्याचदा भिंतीचा नसतोच, नुसता ठेवलेला असतो. तो तळहाताने ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला तर सोडायचा, आणि धरला तरी खालच्या दिशेने भार द्यायचा, स्वतःकडे बाहेर ओढायचं नाही. गवताचा झुबका धरायचा नाही, नोव्हेंबरपर्यंत तो हिरवा आणि ऐटदार दिसतो पण मूळ दोन बोटं मुरुमात असतं. हे सगळं त्याला सांगितलं. "हो मावशी" म्हणाला, ज्या सुरात पोरं आईला हो म्हणतात त्या सुरात.

मग मी म्हटलं, आता तिथूनच खाली ये. तो वीसएक पायऱ्या वर होता. म्हणाला, माथा तर समोर आहे, वर जाऊन येतो ना. नाही, आत्ता ये. आला. परत जा. दहाव्या पायरीवरून परत ये. सॅक काढून आलास, आता सॅक घालून जा. आता पाणी पी, तिथेच, एका हाताने, उभ्या उभ्या. चौथ्या वेळी तो चिडला, म्हणाला हे काय शाळेतल्या पीटीसारखं चाललंय. पण मला जे बघायचं होतं ते दिसत होतं, पहिल्या खेपेला तो उतरताना दर पायरीला पोट कातळाला चिकटवत होता, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा हे त्याला दिसत नव्हतं आणि पाय हवेत चाचपडत होता. तिसऱ्या खेपेला हात सरळ सोडून अंग बाहेर काढून खाली बघायला लागला, एक पाय हलवताना दोन हात आणि दुसरा पाय पक्के, टाच खाली. गुडघा टेकणं थांबलं. आणि बोलायला लागला. हे मी फार बघते, माणूस टप्प्यावर एकदम गप्प झाला किंवा एकदम फार विनोद करायला लागला की समजायचं आतून हललाय. नेहमीसारखा बोलतोय, मधेच 'वरचं टाकं कुठे आहे गं' विचारतोय, म्हणजे ठीक.

पण मला खरी खात्री झाली ती वेगळ्याच गोष्टीने. आम्ही दोघं पायऱ्यांच्या मध्यावर असताना खालून एक ग्रुप आला, चाळीसेक जण, शिट्ट्या, एकाच्या सॅकला लटकवलेला स्पीकर. वरूनही चारपाच जण उतरत होते. पायरी एक माणूस जाईल एवढी. भाचा एका खाचेसारख्या जागी आत सरकला, कातळाला पाठ, एक हात खोबणीत, आणि सगळ्यांना जाऊ दिलं. पंचवीस मिनिटं. एका मुलीचा पाय वळत नव्हता तिला म्हणाला, "उजवीकडे खाली आहे बघ पायरी, घाई नको." ना खेकसला ना धावत पुढे काढायला गेला. बावीसाव्या वर्षी मी नक्की काढलं असतं. चढता येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या चुकीच्या खाली किंवा वर शांतपणे उभं राहता येणं वेगळं, आणि नळीत हे दुसरंच जास्त लागतं, कारण तिथे वरच्याच्या पायाखालून निघालेला दगड खालच्याला शोधत येतो. 'दगड!' ओरडायला लाज वाटणारी माणसं असतात, विश्वास ठेवा.

माथ्यावर गेलो, छोटंसं महादेवाचं देऊळ, नंदी, समोर सिद्धगड, तिकडे जीवधन आणि नाणेघाट. मी मनात पास करून टाकला होता त्याला. आणि मग आम्ही उतरायला लागलो.

आता काय सांगू. चार महिन्यांपूर्वी मी प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला होता, वर लांबचा नंबर, खाली वाचायचा. ऑफिसात छान चालतो. जिन्यावर पहिले काही दिवस जरा चुकल्यासारखं झालं होतं पण सवय झाली म्हटलं. कातळाकडे तोंड करून खाली पाय बघायला मान वाकवली तर माझे बूट आणि पायरी दोन्ही काचेच्या खालच्या भागात, वाचायच्या नंबरात. सगळं पुसट आणि जवळ आल्यासारखं. पायरी आहे तिथे नाही आणि नाही तिथे आहे. चष्मा काढावा तर लांबचा नंबर मायनस चार, म्हणजे दरी पण गायब. मान पार खाली घालून वरच्या काचेतून बघायचा प्रयत्न केला तर तोल मागे जायला लागला. आणि मग ती, एकोणीस-वीस वर्षांनी, तीच उजवी पोटरी, थाडथाड थाडथाड.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात आधी राग आला, भीती नंतर. मी परीक्षक ना. गेली दोन-तीन वर्षं आईच्या आजारपणात टप्पे असलेला एकही ट्रेक झाला नव्हता, वर्षातून एकदा राजगड, एकदा कळसूबाई, तेही शिड्यांवरून. माझ्या डोक्यात माझी तयारी जुनीच होती, अंगात नव्हती. भाच्याला कळलं असावं, कारण मी गप्प झाले होते, आणि मी गप्प म्हणजे काहीतरी गंभीर हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो खालून दोन पायऱ्या वर आला आणि म्हणाला, "मावशी, मी पाय ठेवतो तुझा. तू फक्त हात बघ." आणि घोट्याला धरून एकेक पाय ठेवत आणला मला, पन्नास पायऱ्या. मध्ये एकदा म्हणाला, टाच खाली. माझंच वाक्य.

गुहेत आल्यावर आम्ही चाफ्याखाली बसलो, मी चहा ओतला, हात जरा थरथरत होते. तो काही बोलला नाही त्याबद्दल, आईलाही सांगितलं नाही अजून, ताई हे वाचेल तेव्हा कळेल तिला.

निकाल मी असा दिला. तू जाऊ शकतोस पण नुसते तिघं नाही, बेलपाड्यातला वाटाड्या बरोबर हवा, नळीच्या खालच्या दगडांत फाटे चुकायला वेळ लागत नाही. त्या दोन मित्रांना मी बघितलेलं नाही, त्यांना आधी गोरखगडाला नेऊन तू हीच पीटी करून घे. रोप सॅकमध्ये हवाच, पण रोप आहे म्हणून जे जमत नाही ते करायला जायचं नाही, आणि रोप कशाला बांधायचा हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात तो म्हणजे एकाऐवजी तिघांना खाली नेणारी दोरी. टप्प्यावर आधीच कुणाचा जुना दोर लोंबकळत दिसला तर त्याला हात लावायचा नाही, उन्हाने किती कुजलाय ते डोळ्यांना दिसत नाही. दुपारी बारापर्यंत दुसरा टप्पा मागे पडला नाही तर परत. आणि तिघांपैकी कुणी एकाने 'नको' म्हटलं तर चर्चा नाही, मतदान नाही, परत. अत्तर, डिओ लावायचा नाही, कड्यावर आग्या मोहोळं असतात. सकाळी खाली उभं राहून वर बघायचं आणि एकमेकांना विचारायचं की आत्ता, आज, हे उतरता येईल का, काल झोप किती झाली, काही सिद्ध करायला तर आलो नाहीये ना.

शेवटच्या प्रश्नावर तो हसला. मी नाही हसले. जानेवारी २०२० मध्ये गिर्यारोहक अरुण सावंत याच कोकणकड्यावर वारले तेव्हा आमचा सगळा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस चिडीचूप होता, हयात कड्यांवर काढलेला माणूस. तेव्हापासून मी कुणाच्या यादीला फारसं महत्त्व देत नाही. माझ्या स्वतःच्या तर आता बिलकूल नाही.

जानेवारीत ते गेले. मी नळीत नाही म्हटलं, आपण पाचनईने वर जाऊ आणि कोकणकड्यावर त्यांची वाट बघू. ताईचा जीव राहावा म्हणून तिलाही घेतलं, ती आयुष्यात पहिल्यांदा गडावर आली, हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी बसून राहिली आणि म्हणाली इतकं सुंदर आहे तर तुम्ही ते मरायच्या वाटांनी का येता. उत्तर नव्हतं. पाचनईत एका घरी पाच पानं सांगून ठेवली होती, आमची दोन आणि त्यांची तीन, पिठलं, भाकरी, ठेचा.

दुपारी दोनला मी कड्याच्या काठावर पालथी झोपून खाली बघत होते. चष्मा लांबचा, जुना, तो मुद्दाम नेला होता. खाली नळी, काही हलत नव्हतं. दोन, अडीच, तीन. ताईला मी काही बोलले नाही पण पोटात कालवाकालव चालू झाली होती. फोनला एक कांडी यायची आणि जायची. साडेतीनला मेसेज येऊन पडला, पाठवलेला कधीचा असेल कोण जाणे.

"मावशी बेलपाड्यात आहोत. दुसऱ्या टप्प्याला पाणी झिरपत होतं, शेवाळ. आदल्या टप्प्यावर मित्राचं मशीन चालू झालेलं तुझ्यासारखं. वाटाड्या म्हणाला काढतो वर, पण आम्ही फिरलो. सगळे तोंड कातळाकडे करून उतरलो. भूक लागलीय."

मी तो ताईला दाखवला. तिने दोनदा वाचला आणि विचारलं, "मशीन म्हणजे काय? आणि तुझ्यासारखं म्हणजे?"

मी म्हटलं, चल, उशीर होतोय, उतरू. पाचनईत पिठलं गार झालं होतं, त्या काकूंनी परत गरम केलं, पाच पानांचे पैसे दिले आणि तीन पानांच्या भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या. पाचनईहून बेलपाड्याला गाडीने जायचं म्हणजे सगळ्या डोंगराला वळसा, माळशेज उतरून. पोचलो तेव्हा अंधार पडला होता, तिघं एका ओट्यावर बसून वेफर्स खात होती.